चाकोरी, पदर आणि मार्गिका : चौकात वळणाऱ्या वाहतुकीच्या विभागणीचा इतिहास

गोदावरीच्या दक्षिणेस, गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या मार्गावर पालम हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. मोठ्या शहरांतील चौकांत एकाच दिशेस वळणारी वाहने दोन किंवा तीन रांगांत कशी विभागली जातात, हा प्रश्न अशा गावाच्या संदर्भात उपस्थित करणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु या प्रश्नाचे मूळ डांबरी रस्त्यात नसून काळ्या मातीत आहे, आणि ते मूळ ज्या शब्दात टिकून राहिले आहे तो शब्द पालम परिसरातील शेतकऱ्याला जितका परिचित असेल तितका महानगरातील अभियंत्याला क्वचितच असेल. तो शब्द म्हणजे चाकोरी.

गाडीच्या चाकांनी जमिनीवर पाडलेली खोल रेघ ती चाकोरी. आज हा शब्द बहुतांशी लाक्षणिक अर्थानेच वापरला जातो. 'चाकोरीबद्ध', 'चाकोरीबाहेरचा' असे म्हणताना त्यात परंपरेला चिकटून राहणाऱ्याविषयी थोडी निंदेची छटाही येते. मूळ अर्थात ही निंदा नव्हती. काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडी हाकणे हे मोठे कष्टाचे काम. पहिल्या गाडीने जी जमीन दाबली ती आजूबाजूच्या जमिनीहून घट्ट झाली, म्हणून दुसऱ्या गाडीने तीच वाट धरली. दुसरीमागून तिसरी गेली. रेघ खोल होत गेली आणि एक वेळ अशी आली की गाडीचा आस मधल्या उंचवट्याला टेकू लागला. मग कोणा तरी गाडीवानाने हातभर बाजूला नवी जोडरेघ पाडली. अशा रीतीने एकाच गाडीवाटेवर दोन, कधी तीन समांतर चाकोऱ्या तयार होत. त्या कोणी आखल्या नव्हत्या. वापराने त्या पडल्या होत्या. महत्त्वाचे म्हणजे, वाट जेथे फुटते तेथे पोहोचल्यावर खोल चाकोरीतून बाहेर पडता येत नसे. डावीकडच्या गावाला जावयाचे असेल तर डावी चाकोरी फाट्याच्या बऱ्याच अलीकडे धरावी लागे. वळणाचा निर्णय वळणावर होत नसून वळणाच्या आधी होतो, हे आधुनिक वाहतूकशास्त्राने आकडेमोडीने सिद्ध केलेले तत्त्व गाडीवानाच्या व्यवहारात असे गृहीतच होते.

प्राचीन वाङ्मयात चौरस्त्याचा उल्लेख विपुल आहे, परंतु त्याचा रोख निराळा आहे. अमरकोशात चतुष्पथाला 'शृङ्गाटक' असा पर्याय दिला आहे. शिंगाड्याच्या शिंगासारखी टोके जेथून फुटतात ते स्थान, ही त्यामागील प्रतिमा आहे. 'मृच्छकटिका'च्या पहिल्या अंकात चारुदत्त मैत्रेयाला चतुष्पथावर मातृकांना बली ठेवण्यास सांगतो. तेथे चौक दिसतो तो देवतांचे व भुताखेतांचे ठाणे म्हणून. कौटिल्याने रस्त्यांची मापे दिली आहेत. रथ्या चार दंड, राजमार्ग आठ दंड, आणि नगरात पूर्व-पश्चिम तीन व दक्षिण-उत्तर तीन राजमार्ग असावेत असे त्याचे विधान आहे. दंड सुमारे 1.8 मीटरचा धरल्यास राजमार्गाची रुंदी 14 मीटरांच्या आसपास येते, म्हणजे आजच्या हिशेबाने चार गाड्या शेजारी-शेजारी आरामात जाव्यात. या रुंदीच्या आत कोणी कोठून जावे, याची वाटणी मात्र त्या मापांसोबत येत नाही.

चौकात अग्रक्रम कोणाचा, याचे उत्तर तेथे व्यक्तीवरून ठरते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चाकाच्या वाहनावर बसलेला, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, भारवाही, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी असे सांगितले आहे. आठव्या अध्यायात, गाडीवानाने 'बाजूला हो' असे मोठ्याने ओरडून सांगितले असता अपघाताचा दंड त्याच्यावर पडत नाही, अशीही तरतूद आहे. भोंगा वाजविला की जबाबदारी संपली, ही समजूत किती जुनी आहे हे त्यावरून ध्यानी येते! चौथ्या अध्यायातील एक नियम मात्र प्रस्तुत विषयाशी अनपेक्षित रीतीने जुळतो. वाटेत चतुष्पथ लागल्यास तो उजव्या हाताला ठेवून जावे, म्हणजे त्याला प्रदक्षिणा घालावी, असे तेथे म्हटले आहे. डावीकडून वाहने चालविणाऱ्या देशांत वर्तुळाकार चौकाभोवती वाहतूक नेमकी याच दिशेने फिरते. अर्थात, धर्मशास्त्रातून वाहतुकीचा नियम निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. दोहोंची कारणे भिन्न आहेत आणि दिशेचे साम्य हा योगायोग आहे.

मराठीत रस्ते फुटण्याच्या जागेला जे शब्द आहेत त्यांचा विचार येथे उद्बोधक ठरतो. 'चौक' हा संस्कृत 'चतुष्क'पासून आलेला शब्द मुळात चौकोनी मोकळी जागा दाखवितो. वाड्याचाही चौक असतो आणि रस्त्याचाही. त्यात हालचाल नाही, जागा आहे. 'चव्हाटा' या शब्दातही पहिला घटक चार या संख्येचाच आहे, परंतु त्याला लोकसमक्षतेचा अर्थ चिकटला. गोष्ट चव्हाट्यावर येते ती चारही दिशांच्या लोकांना दिसते म्हणून. कोकण-गोव्याकडील 'तिठा' आणि कोल्हापुरातील 'मिरजकर तिकटी'सारख्या नावांतील 'तिकटी' यांत तीन वाटा मोजल्या आहेत. मुंबईचा 'सात रस्ता' आणि ठाण्याचा 'तीन हात नाका' ही नावेही मोजणीचीच. या सर्वांहून वेगळा आहे तो 'फाटा'. तो 'फाटणे' या क्रियापदाचा सोयरा आहे. त्यात रस्ता स्थिर नसून फुटताना दिसतो, एक धारा दोन होताना दिसते. एस. टी.च्या प्रवाशाला गावाइतकाच त्या गावाचा फाटा महत्त्वाचा असतो, कारण गाडी गावात जाईलच याची खात्री नसते, फाट्यावर मात्र ती थांबते. निजामाच्या राज्यात 1932 साली रेल्वे खात्याच्या अखत्यारीत सरकारी प्रवासी मोटारसेवा सुरू झाली, तर मुंबई राज्यात पुणे-अहमदनगर मार्गावर 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. या सेवांनी मराठवाड्यात व महाराष्ट्रात खेड्यांची जी नवी ओळख निर्माण केली तीत 'फाटा' हे स्थळनामच होऊन बसले. वाहतुकीच्या विभागणीस मराठीत सर्वांत जवळचा जुना शब्द शोधावयाचा तर तो 'चौक' नव्हे, 'फाटा' होय.

या शब्दसंपत्तीत एक उणीव जाणवते. रस्ते किती हे सांगणारे शब्द अनेक आहेत. एका रस्त्याच्या आत रांगा किती आणि त्यांतील कोणती कोणाची, हे सांगणारा शब्द चाकोरीखेरीज नाही. चाकोरी तर पक्क्या रस्त्याबरोबर नष्ट झाली. खडी आणि डांबर यांनी गाडीवानाला चाकोरीच्या बंधनातून मुक्त केले आणि त्याबरोबर रस्त्याची सारी रुंदी एकसारखी उपलब्ध करून दिली. मोकळीक मिळाली तेव्हा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील वेन परगण्यात एडवर्ड हाइन्स यांनी 1911 साली रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ ओढविली, तिला या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणता येईल. मातीतील रेघ चाकाला अडवीत असे. रंगाची रेघ केवळ डोळ्याला सांगते. दोहोंमधील हे अंतर पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

चौकात दोन प्रवाहांनी एकच जागा एकाच वेळी मागू नये यासाठी काळाची वाटणी करावी, ही कल्पना लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ डिसेंबर 1868 मध्ये बसविलेल्या वायुदीपाच्या सिग्नलाने प्रथम साकार झाली. तो सिग्नल महिन्याभरातच स्फोट होऊन निकामी झाला आणि तो हाताळणारा पोलीस जखमी झाला. विजेचा सिग्नल 5 ऑगस्ट 1914 रोजी क्लीव्हलँड येथे आला. अशा रीतीने अग्रक्रम माणसाच्या योग्यतेवरून ठरण्याऐवजी घड्याळावरून ठरू लागला. राजा आणि भारवाही दोघेही तांबड्या दिव्यापुढे सारखेच उभे राहू लागले. परंतु काळाची वाटणी झाली तरी हिरव्या दिव्याच्या त्या अर्ध्या मिनिटात रस्त्याच्या रुंदीचा उपयोग कसा करावयाचा, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे मोजमाप ग्रीनशील्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1947 साली प्रसिद्ध केले. दिवा हिरवा झाल्यावर रांगेतील पहिली गाडी 3.8 सेकंदांत, त्यानंतरच्या चार अनुक्रमे 3.1, 2.7, 2.4 आणि 2.2 सेकंदांच्या अंतराने आणि पुढच्या प्रत्येकी 2.1 सेकंदांनी चौकात शिरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. या आकड्यांवरून विभागणीचे महत्त्व सहज पटते. हिरवा दिवा 30 सेकंद आहे आणि उजवीकडे वळणाऱ्यांसाठी दोन रांगा आहेत असे समजू. पहिल्या पाच गाड्यांना 14.2 सेकंद लागतात. उरलेल्या 15.8 सेकंदांत आणखी सात जातात. म्हणजे एका रांगेतून बारा आणि दोन रांगांतून चोवीस गाड्या सुटू शकतात. आता नेमक्या चोवीस गाड्या आल्या, पण त्या बारा-बारा अशा न विभागता चौदा आणि दहा अशा उभ्या राहिल्या. दहाची रांग 24.7 सेकंदांत मोकळी होते आणि पुढची पाच सेकंदे तो भाग रिकामा राहतो. त्याच पाच सेकंदांत शेजारच्या रांगेतील दोन गाड्या तांबड्या दिव्यापुढे अडकतात. रस्ता पुरेसा होता, वेळही पुरेसा होता. केवळ वाटणी चुकली.

ही वाटणी आपोआप समान का होत नाही? लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे 1952 साली वॉर्ड्रॉप यांनी मांडलेले तत्त्व असे की, प्रत्येक प्रवासी आपापला वेळ वाचवू पाहतो आणि परिणामी वापरात असलेल्या सर्व मार्गांवरील वेळ अखेरीस सारखा होतो. कोणालाही मार्ग बदलून लाभ होत नाही अशा स्थितीत वाहतूक स्थिरावते. हे तत्त्व मुळात पर्यायी रस्त्यांसाठी सांगितले असले तरी चौकातील शेजारच्या रांगांना ते लावून पाहता येते. येणारा वाहनचालक आखूड रांगेमागे उभा राहतो, म्हणून रांगा समान व्हाव्यात. तशा त्या होत नाहीत याचे कारण चालक सारखे नसतात आणि त्यांची गन्तव्येही सारखी नसतात. उजवीकडे वळल्यानंतर शंभर पावलांवर ज्याला डावीकडे वळावयाचे आहे तो बाहेरची, म्हणजे डावीकडची रांग धरतो, मग ती कितीही लांब असो. ज्याला लगेच पुन्हा उजवीकडे जावयाचे आहे तो आतल्या रांगेतच राहतो. बस आणि मालमोटार यांची मागची चाके वळताना पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून त्यांना मोठा वळसा हवा असतो आणि त्या बाहेरची रांग पसंत करतात. त्यांच्या शेजारून वळण्याची धास्ती वाटणारा मोटारवाला मग आतल्या रांगेत गर्दी करतो. असमान विभागणी ही अशा रीतीने चौकापलीकडच्या शहराची सावली असते. चौकातच तिचे कारण शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

आकड्यांत हे कसे उतरले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या महामार्ग-क्षमता पुस्तिकेच्या 2000 सालच्या आवृत्तीत, प्रत्यक्ष मोजणी उपलब्ध नसेल तेव्हा धरावयाची प्रमाणे दिली आहेत. समोरच्या वाहतुकीला छेदून वळणाऱ्या दोन राखीव रांगांपैकी जास्त भरलेल्या रांगेत 51.5 टक्के वाहने असतात. तेथे हे वळण डावे असते, भारतात उजवे. रस्त्याच्या कडेकडून वळणाऱ्या दोन रांगांत हेच प्रमाण 56.5 टक्क्यांपर्यंत जाते. तासाला 600 वाहने वळत असतील तर पहिल्या प्रकारात ती 309 आणि 291 अशी वाटली जातात, दुसऱ्यात 339 आणि 261 अशी. हिरव्या दिव्याचा वेळ मोठ्या रांगेवरून ठरवावा लागत असल्यामुळे दोन रांगांचे खरे मोल पहिल्या प्रकारात पूर्ण क्षमतेच्या 97.1 टक्के आणि दुसऱ्यात अवघे 88.5 टक्के उरते. ब्रिटनमध्ये वेब्स्टर आणि कॉब यांनी 1966 साली दिलेली सूत्रे याहून कठोर आहेत. उजवीकडे एकेरी रांगेने वळणाऱ्या वाहनांसाठी त्यांनी तासाला 1800 आणि दुहेरी रांगेसाठी 3000 हा मूळ आकडा धरला, आणि दोहोंतून वळणाच्या त्रिज्येनुसार घट केली. त्रिज्या 15 मीटर असेल तर हे आकडे सुमारे 1634 आणि 2724 होतात. दुप्पट रांगा दिल्या, पण काम दुप्पट झाले नाही, दीडपटीहून थोडेसेच अधिक झाले. शेजारी-शेजारी वळणाऱ्या दोन वाहनांच्या परस्परांविषयीच्या सावधगिरीची किंमत त्या फरकात मोजली गेली आहे.

वेब्स्टर यांचे 1958 सालचे आणखी एक सूत्र भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले. सरळ जाणाऱ्या वाहतुकीसाठी त्यांनी रांगा मोजल्याच नाहीत. रस्त्याची रुंदी मोजली. रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे तासाला 525 मोटारएकके, असा त्याचा आशय. भारतीय अभियंत्यांनी हे सूत्र दीर्घकाळ वापरले, कारण येथील रस्त्यावर रांग हे वास्तवच नव्हते. येथे प्रसंगाने एका मराठी नावाचा उल्लेख करावयास हवा. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून पुढे 1934 साली भारतीय रस्ते परिषद, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, स्थापन झाली. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. कायदेपंडित आणि शिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांचे स्मरण होते, रस्त्यांच्या संदर्भात क्वचितच होते. या परिषदेने निरनिराळ्या वाहनांना मोटारएककांत रूपांतरित करणारे कोष्टक तयार केले. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या 1990 सालच्या कोष्टकात सायकल अर्ध्या मोटारीइतकी, ट्रॅक्टर व ट्रेलर मिळून साडेचार मोटारींइतके, आणि बैलगाडी आठ मोटारींइतकी धरली आहे. लहान बैलगाडीला सहाचा आकडा दिला आहे. बैलगाडी आकाराने आठपट नाही, मंदगतीमुळे ती आठ मोटारींना अडवून धरते, असा या आकड्याचा अर्थ. ज्या वाहनाने पहिली चाकोरी पाडली, तेच वाहन कोष्टकात सर्वांत मोठा अडथळा ठरले, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

शहरी चौकांत दुचाकींनी प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकले. तांबडा दिवा असताना दुचाकी मोठ्या वाहनांमधील फटींतून पुढे सरकतात आणि थांबरेषेवर जमा होतात. दिवा हिरवा होताच तो सारा जथा एकदम सुटतो. ग्रीनशील्ड्सच्या मोजणीत पहिले वाहन सर्वांत मंद होते. येथे पहिली काही सेकंदेच सर्वांत भरघोस ठरू शकतात. अशा प्रवाहात 'कोणत्या रांगेत किती' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. वाहतूक येथे रांगांत विभागली जात नाही, रुंदीभर पसरते, पाणी उतारावर पसरावे तशी. भारतीय चालकाला शिस्त नाही, हे या परिस्थितीचे नेहमीचे स्पष्टीकरण आहे. त्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. साडेतीन मीटर रुंदीची पट्टी मोटारीच्या मापाने आखली जाते. ज्या चौकात निम्म्याहून अधिक वाहने एका मीटरहून अरुंद आहेत तेथे ती पट्टी बहुसंख्यांसाठी आखलेलीच नसते. ती न पाळणाऱ्याला बेशिस्त म्हणण्यापूर्वी ती कोणाच्या अंगमापाने बेतली, हे विचारणे न्याय्य होय. याचा परिणाम केवळ शास्त्रीय नाही. उजवीकडे वळणाऱ्या बसच्या आणि दुभाजकाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जो सायकलस्वार सापडतो, त्याचे स्थान दोन्ही हिशेबांत नाही. रांगांच्या हिशेबात तो रांगेबाहेर आहे आणि रुंदीच्या हिशेबात तो अर्धे एकक आहे.

कायद्याचीही येथे कोंडी झालेली दिसते. 1989 सालच्या रस्तावापराच्या विनियमांत डावीकडे वळणाऱ्याने शक्य तितके डाव्या कडेला राहावे, आणि उजवीकडे वळणाऱ्याने शक्य तितके रस्त्याच्या मध्याजवळ येऊन, ज्या रस्त्यात शिरावयाचे त्याच्या शक्य तितक्या डाव्या बाजूस पोहोचावे, असे सांगितले होते. हा नियम एकाच रांगेने वळणाऱ्या वाहनांची कल्पना करतो. उजव्या वळणासाठी दोन रांगा आखल्या की बाहेरच्या रांगेतील चालक मध्याजवळ राहू शकत नाही, आणि आतल्या रांगेतील चालकाने नियमाप्रमाणे डाव्या बाजूस पोहोचावयाचे ठरविले तर त्याने शेजाऱ्याचा मार्ग कापावा लागतो. नियम अक्षरशः पाळला तर अपघात, आणि मोडला तर सुरक्षित वळण, असा हा पेच होता. 2017 साली या विनियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली.

महाराष्ट्रातील शहरांनी वळणाच्या गर्दीवर जे उपाय योजले त्यांत एक क्रम दिसतो. आरंभी वर्तुळाकार चौकावर भिस्त होती. वर्तुळात उजवे वळण असे उरतच नाही, सर्वांनाच डावीकडून शिरून डावीकडे बाहेर पडावयाचे असते. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये 1905 साली आणि पॅरिसच्या एत्वाल चौकात 1907 साली रूढ झालेली ही पद्धत गर्दी वाढली की कोंडते, कारण आत शिरणारे आतल्यांना अडवितात. ब्रिटनने नोव्हेंबर 1966 मध्ये आत फिरणाऱ्याला अग्रक्रम देऊन ती कोंडी फोडली. मुंबईने त्याआधीच, 1965 साली, निराळा मार्ग धरला. शिरीष पटेल यांनी उभारलेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल पेडर रोड व ह्यूजेस रोड यांवरील सरळ प्रवाहाला वर उचलून नेतो आणि वळणाऱ्यांना खालची जमीन मोकळी करून देतो. रुंदी आणि काळ यांच्यानंतर आता उंचीचीही वाटणी झाली.

पुण्याचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर डिसेंबर 2006 मध्ये बससाठी राखीव पट्टा सुरू झाला. असा पट्टा रस्त्याच्या मध्यभागी ठेवला म्हणजे बसला कडेच्या अडथळ्यांचा त्रास होत नाही, हा त्याचा गुण. परंतु उजवीकडे वळणारी मोटार परंपरेने मध्याला चिकटून उभी राहते, आणि ती जागा आता बसची झालेली असते. वळणाऱ्याला बसच्या डावीकडे उभे राहून बसच्या वाटेवरूनच वळावे लागते. त्यासाठी सिग्नलात स्वतंत्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ इतर साऱ्यांच्या वाट्यातून कापला जातो. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर मेट्रोच्या आखणीसाठी 2020 साली पाडण्यात आला. चांदणी चौकातील जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे स्फोटकांनी उडविला गेला आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी तेथे बहुस्तरीय रचना खुली झाली. तिच्यात प्रत्येक वळणाला आपापला उतार आहे, आणि वळणाची निवड चौकाच्या कितीतरी अलीकडे, फलक वाचूनच करावी लागते. चुकलेल्याला परत फिरण्यास मोठा वळसा पडतो. चाकोरी पुन्हा आली, असे कोणी म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. नाव मात्र अजून 'चौक' हेच आहे, जरी तेथे चार रस्ते एका पातळीवर भेटत नाहीत.

शब्दांचा इतिहास या साऱ्याच्या मागोमाग चालला आहे. रस्ते रुंद होऊ लागले तेव्हा मराठीने 'पदर' हा शब्द पुढे केला. चौपदरी, सहापदरी ही विशेषणे वृत्तपत्रांतून रुळली, आणि 2002 साली पूर्णत्वास गेलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने 'सहापदरी' हा शब्द घरोघर पोहोचविला. पदर दोराचे असतात, पोळीचे असतात, लुगड्याला असतो. दोराच्या पदरांप्रमाणे रस्त्याचेही पीळ मोजावेत, ही कल्पना अस्सल मराठी आहे. तरी या शब्दाची एक मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. तो मोजणीत येतो, आज्ञेत येत नाही. रस्ता चौपदरी असतो, पण 'उजव्या पदरात गाडी घ्या' असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी शासकीय मराठीने संस्कृतातून 'मार्गिका' घडविली. ती छापील सूचनेत व फलकावर दिसते, बोलण्यात फारशी उतरली नाही, आणि आता मेट्रोच्या लोहमार्गालाही 'मार्गिका'च म्हटले जात असल्यामुळे तिचा अर्थ दुभंगला आहे. तोंडी आहे तो 'लेन', आणि तोही शहरांत. बाकी ठिकाणी चालकाला मिळणारी सूचना असते ती 'डावीकडे दाबून घ्या', 'आत घ्या', 'कडेला घ्या', 'साइड द्या' अशी. या सर्व प्रयोगांत रस्ता आखलेल्या पट्ट्यांचा नसून सलग आहे, आणि वाहन त्यात आपली जागा दुसऱ्याच्या संदर्भात ठरविते. वेब्स्टरच्या रुंदीच्या सूत्राला ही भाषा जितकी जवळची आहे तितकी ती पुस्तिकेतील टक्केवारीला नाही. भाषेत शब्द नाही म्हणून शिस्त नाही, असा कार्यकारणभाव जोडणे उथळपणाचे ठरेल. व्यवहारच सलग आहे, म्हणून भाषा सलग आहे.

पालमसारख्या गावी उजव्या वळणाच्या दोन रांगा आखण्याचा प्रश्न अद्याप नसला तरी विभागणीचा प्रश्न आहेच. उसाच्या हंगामात गोदाकाठच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे जातात. असा ट्रॅक्टर फाट्यावर उजवीकडे वळताना आधी डावीकडे झुकतो, कारण मागचे ट्रेलर आतून कापत येतात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो डावीकडे चालला असे वाटते आणि उजवीकडे मोकळी दिसणारी जागा आपली समजून तो तीत शिरतो. तेवढ्यात ट्रॅक्टर उजवीकडे वळतो, आणि मागचा ट्रेलर नेमका त्या जागेवर येतो. अमेरिकन पुस्तिकेच्या भाषेत हे बाहेरच्या रांगेतून वळणारे लांब वाहन आणि आतल्या रांगेतील लहान वाहन होय. 1989 च्या विनियमाच्या भाषेत ट्रॅक्टरवाल्याने मध्याजवळ न राहता नियम मोडला. गाडीवाटेच्या काळात हा घोटाळा संभवत नव्हता. ज्याला उजवीकडे जावयाचे तो बऱ्याच अलीकडून उजव्या चाकोरीत असे, आणि मागच्याला ते दिसत असे.